चाकू हातात दिलात, वहिनी

वहिनी, तुमच्याशी एक भांडण करायचं राहून गेलं आहे. ते आज दिवे लागायच्या आत उरकायला हवं, म्हणून ओटीवर कागद घेऊन बसलो आहे. उद्या सकाळी दादा आणि मी तुमच्या अस्थी घेऊन निघणार. नागावहून रेवदंड्यापर्यंत बैलगाडी, तिथून आगबोटीने श्रीवर्धन, मग पुन्हा गाडीने हरिहरेश्वर. एवढ्या वाटेत आम्ही दोघे भाऊ एकमेकांशी बोलू की नाही, हे मला या घटकेला सांगता येत नाही.

कारण तुमचा चाकू. दादा म्हणाला, अस्थींबरोबर तोही समुद्रात सोडायचा, ती त्याच्याशिवाय कुठे गेली नाही. मी म्हटलं, चालता चाकू पाण्यात टाकणं हा वेडेपणा आहे, आणि वहिनींनी ते ऐकलं असतं तर आपल्या दोघांनाच पाण्यात टाकलं असतं. मी हे जरा आवाज चढवून बोललो. दादाने काही उत्तर दिलं नाही. दादाचं उत्तर न देणं तुम्हाला ठाऊकच आहे. तेव्हापासून झोपाळ्याची कडी वाजलेली नाही, आणि जेवताना तो पाट माझ्याकडे पाठ करून मांडतो.

या घरात अशी तेढ आली की पहिला प्रश्न काय विचारायचा, ते तुम्हीच लावून दिलं आहे. चाकू कोणी कोणाच्या हातात दिला? तर तुम्ही, माझ्या. आणि आता तुम्ही कानावर हात ठेवून मोकळ्या झाला आहात.

सगळं पहिल्यापासून सांगतो. माझं अर्धवट सांगणं तुम्हाला कधी आवडलं नाही.

हा चाकू मी मुंबईत नोकरीला लागलो त्या वर्षी घेतला. फोर्टातल्या एका दुकानाच्या काचेमागे तो सगळी पाती उघडून उभा होता आणि काचेच्या अलीकडे मी. सांबरशिंगाची मूठ, एक मोठं पातं, एक लहान, बुचं काढायचा पेच, भोकं पाडायचा टोच्या, पत्र्याचे डबे फोडायचं एक आखूड पातं आणि पाठीला एक वाकडा आकडा. हापिसात मला त्याचा उपयोग एकच, पेन्सिलींना टोकं काढणं. पण कोटाच्या खिशात हात घातला की तो लागायचा, आणि आपण कुणीतरी आहोत असं वाटायचं. शिमग्याला घरी आलो तेव्हा चहाच्या आधी मी तो काढला आणि बघा वहिनी म्हणून तुमच्यापुढे धरला. तुम्ही हात पाठीमागे नेलात.

"खाली ठेवा, भाऊजी. चाकू हातात देऊ नये, भांडण होतं."

मी तेव्हा मुंबईत रोज वर्तमानपत्र वाचत होतो. मिठाने, मिरचीने आणि सुरीने माणसं भांडत नाहीत, माणसं माणसांमुळे भांडतात, यावर मी तुम्हाला एक लहानसं व्याख्यान दिलं. तुम्ही ते शेवटपर्यंत ऐकलंत, मान डोलावलीत आणि म्हणालात, ठेवा खाली. मी ठेवला.

मग तुम्ही ओटीवर मांडी घालून एकेक पातं उघडून पाहिलंत. हे कशाला, ते कशाला, असं विचारत आकड्यापाशी आलात. दुकानदाराने मला सांगितलं होतं की तो घोड्याच्या खुरात अडकलेले खडे काढायला असतो. तेच मी तुम्हाला सांगितलं. तुम्ही फार गंभीरपणे विचारलंत की मुंबईच्या खोलीत घोडा वर बांधता की खाली. दादा झोपाळ्यावर होता. हसला नाही, पण झोपाळा थांबला. दुसऱ्या दिवशी सकाळी रहाटाच्या बैलाचा पाय आपल्या गड्याच्या, धर्माच्या मांडीवर होता आणि तुम्ही आकड्याने त्याच्या खुरातला खडा काढत होतात. गेले कित्येक दिवस बैल लंगडतो म्हणून धर्मा त्याला शिव्या देत होता. त्या दिवसापासून शिव्या थांबल्या आणि चाकू तुमचा झाला. मी निघालो तेव्हा तुम्ही तो माझ्या वळकटीवर रीतसर खाली ठेवलात. मी तो उचलून पुन्हा ओटीवर ठेवला आणि गाडीत जाऊन बसलो. तेवढी एकच गोष्ट मी तुमच्याशी न भांडता केली.

स्वयंपाकघरात विळी होतीच. पण विळीची गोष्ट वेगळी, असं तुम्ही म्हणायचात. विळीपाशी आपण जाऊन बसायचं, चाकू आपल्याबरोबर येतो. चाव्यांच्या जुडग्यात काथ्याची दोरी ओवून तुम्ही त्याला कमरेला लावलंत आणि लगेच कामं वाटून दिलीत. मोठं पातं वाडीचं, लहान पातं फळांचं, पेच औषधाच्या बाटल्यांचा, आकडा बैलाचा, आखूड पातं रॉकेलच्या डब्यांचं. टोच्या मात्र सगळ्यांचा. वहाणेच्या अंगठ्याला भोक पाडायचं, कंदिलाची वात वर ओढायची, तळव्यातला काटा उकरायचा, रहाटाच्या लोट्याची गाठ सैल करायची, कुणीही येऊन टोच्या मागावा. फळांच्या पात्याने कुणी सुंभ कापलं तर त्या माणसाला संध्याकाळपर्यंत चहा नसे. सोवळ्याओवळ्याचे नियम मी लहानपणापासून पाहत आलो, पण एकाच मुठीत इतकी सोवळीओवळी नांदवणाऱ्या तुम्हीच.

कुंपणापलीकडच्या बापूकाकांना सुरुवातीला ते रुचलं नाही. घरची सून कमरेला हत्यार लावून वाडीत हिंडते, असं ते चारचौघांत म्हणाले. मग एक दिवस त्यांच्या चष्म्याची दांडी निखळली. तुम्ही लहान पात्याच्या टोकाने त्यातला बारका स्क्रू कुंपणावरूनच आवळून दिलात. बापूकाकांना आधी तुम्ही स्पष्ट दिसलात आणि मग त्यांचं मतही बदललं. पुढे परदेशी मालावर बहिष्कार टाकायची सभा नागावात झाली तेव्हा त्यांनीच तुम्हाला हटकलं, वहिनी, चाकू विलायती आहे. तुम्ही तुमची विलायती लुगडी आधीच गाठोड्यात बांधून आणली होतीत. गाठोड्याची गाठ सुटेना, तेव्हा तुम्ही चाकू काढून ती कापलीत, लुगडी होळीत टाकलीत, चाकू मिटलात आणि बापूकाकांना म्हणालात, कापड जळतं म्हणून टाकलं, हा काही जळायचा नाही. सभेतल्या पुढाऱ्याने घाईने पुढचं गाठोडं मागवलं. मी तुमच्या मागेच उभा होतो आणि मला फार अभिमान वाटला. हे तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर डोक्यावर बसला असतात.

आता त्या रहाटाच्या दिवसाकडे येतो.

मी रजेवर होतो. दुपारची जेवणं झाली होती, पोफळीला पाणी चाललं होतं, तुम्ही विहिरीच्या काठावर बसून दगडावर मोठं पातं घासत होतात. त्या दगडाला तुमच्या घासण्याने पडलेली खाच अजून आहे. डोळ्यांना झापडं बांधलेला बैल चिखलात घसरला आणि पडता पडता जुवाची दोरी त्याच्या गळ्याला आवळली. धर्मा जू उचलायला धावला, पण एकट्याने ते उचलेना. बैलाची जीभ बाहेर आली. दोरीजवळ मी होतो, चाकू तुमच्याकडे होता. तुम्ही धावत आलात आणि उघडा चाकू, मूठ पुढे करून, सरळ माझ्या हातात दिलात. मी दोरी कापली. बैल उठला, कान फडफडवले आणि आपल्याकडे न बघता चिखलातून बाहेर जाऊन गवताला लागला.

आपण तिघे धापा टाकत उभे होतो. मी चाकू पुसून तुम्हाला परत द्यायला गेलो, तर तुमचा चेहरा उतरला होता. मला वाटलं बैलामुळे. पण तुम्ही म्हणालात, भाऊजी, मी तो तुमच्या हातात दिला. मी हसायला लागलो, आणि मग हसणं आवरलं, कारण तुम्ही खरोखरच घाबरला होतात. त्या वर्षी शेजारच्या दोन वाड्यांची भावाभावांत वाटणी झाली होती, मधे काट्यांची कुंपणं पडली होती, एका घरात तर विहिरीचं पाणी दिवस ठरवून घेत होते. मुंबईचा पगार खाणारा धाकटा दीर आणि वाडी राखणारा नवरा यांच्यात एक दिवस असं कुंपण येईल, ही तुमची सगळ्यात मोठी भीती होती. ते तुम्ही कधी बोलून दाखवलं नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदा दाखवलंत.

मग तुम्ही जरा विचार केलात आणि त्यावर तोडही काढलीत. देवी येऊ नये म्हणून लस टोचून घेतात ना, म्हणालात, तसं करू. मोठं भांडण यायच्या आत आपणच एक लहान भांडून घेऊ. देणाऱ्याने काढायचं, घेणाऱ्याने मिटवायचं. धर्मा मान हलवून म्हणाला, "व्हय वैनी, आताच भांडून घ्या, मागं ठेवू नका." आणि तो मजा बघायला विहिरीच्या काठावर बसला.

तुम्ही भांडण काढलंत. मी दर खेपेला मुंबईहून येताना छत्री आगबोटीत विसरतो, हा तुमचा आरोप होता. तो शंभर टक्के खरा होता आणि मी तो साफ नाकारला. मग तुम्ही वाडीचा चिखल घरात आणणाऱ्या माझ्या पायताणांवर आलात, मी तुमच्या आमटीतल्या गुळावर गेलो. तुम्ही माझ्या आईने मला लाडावून ठेवलं असं म्हणालात, मी दादाला कुणी मुका करून ठेवलं ते विचारलं. कुठल्या क्षणी ते खोटं भांडण खरं झालं, हे मला आजतागायत कळलेलं नाही. आपले आवाज ऐकून बापूकाका उपरणं सावरत धावत आले. त्यांच्या कानावर वाडी हा एकच शब्द पडला होता आणि त्यांना वाटलं, झाली यांचीही वाटणी. ते मधे उभे राहून, घर एकदा फुटलं की सांधत नाही वगैरे बोलू लागले. मी घेणारा, म्हणून मिटवायचं काम माझं. मी खोबऱ्याचा आणि गुळाचा तुकडा आणून लहान पात्याने दोन भाग केले, मोठा तुमच्यापुढे ठेवला. माझ्या भागातून तिसरा तुकडा काढून बापूकाकांना द्यावा लागला. ते तो चघळत घरी गेले आणि आपण समेट घडवला असं गावभर सांगत राहिले.

तो घराचा रिवाजच होऊन गेला. घाईगर्दीत चाकू हातोहात गेला की तिथल्या तिथे भांडण आणि मग खोबरं-गूळ. सुधा माझ्याशी लग्न होऊन घरात आली त्या पहिल्या आठवड्यात तिने आपलं एक भांडण ऐकलं आणि माजघरात जाऊन रडायला बसली, आपण कसल्या घरात पडलो म्हणून. तुम्ही तिला बाहेर बोलावून गूळ दिलात. पुढे पुढे मला शंका यायला लागली की तुम्ही मुद्दाम चाकू हातात देता. रविवारी मी घरी असलो की तुमच्या हातून तो फार वेळा घाईने यायचा. दादा या भांडणांत कधी पडला नाही. एक भाऊ आणि एक बायको यांच्यात माणूस तरी काय बोलणार. पण आपलं भांडण रंगात आलं की त्याचा झोपाळा थांबायचा, आणि गूळ वाटला गेला की पुन्हा सुरू व्हायचा.

तुम्ही हरिहरेश्वराचा नवस फेडायला निघालात ती आगबोट आठवते का? उद्या त्याच वाटेने जायचं म्हणून मला ती सारखी आठवते आहे. श्रीवर्धनच्या बंदरात बोटीतून पडावात उतरायचं होतं. एका कोळिणीच्या पाटीचा ओला दोर बोटीच्या कठड्यात अडकून बसला, मागे माणसांची रीघ, तांडेल खालून ओरडतोय. तुम्ही लुगड्याचा काष्टा सावरत गेलात, दोर कापलात आणि मासळीची ती पाटी स्वतः उचलून तिच्या डोक्यावर दिलीत. सगळ्या सोवळ्या बायका बघत होत्या. पडावात बसल्यावर तुम्ही पातं समुद्राच्या पाण्यात धुतलंत. मी मुद्दाम विचारलं की आता देवाच्या नारळाचा प्रसाद कशाने कापायचा. मोठ्या पात्याने दोर कापला आहे, म्हणालात, प्रसादाला लहान आहे. आणि माझ्याकडे असं पाहिलंत की एवढी साधी गोष्ट न कळणाऱ्या मला मुंबईत पगार तरी कसला देतात.

हे सगळं हसण्यासारखं झालं. आता ज्यावर हसू येत नाही ते.

विहिरीपाशी जे आंब्याचं कलम आहे, ते आपण दोघांनी बांधलं. तुम्ही दोन्ही फांद्यांची साल त्याच चाकूने तासलीत, मी त्या एकमेकींना लावून धरल्या, वर केळीचं सोपट गुंडाळलं. कलम धरलं. ते लावायचं कुठे यावर मात्र आपलं जमलं नाही. मी म्हटलं विहिरीपाशी, पाणी जवळ. तुम्ही म्हणालात, तिथे नारळांची सावली पडते, झाड वाढेल पण मोहोर धरणार नाही, मागच्या फाटकापाशी लावा. शेवटी ते माझ्या जागी लागलं, कारण खड्डा मी आधी खणला होता. तेव्हापासून गुळाच्या भांडणांत दुसरा काही विषय सुचला नाही की आपण कलमावर यायचो.

यंदा तुमच्या छातीचं दुखणं सुरू झालं आणि घरातला आवाज बदलला. अलिबागच्या डॉक्टरांनी सांगितलं, त्यांना त्रास होईल असं काही करू नका. झालं. सुधा तुम्ही म्हणाल ते करू लागली. दादा झोपाळा सोडून तुमच्या खाटेपाशी बसू लागला. बापूकाका, ज्यांनी कुंपणाच्या एका करंजाच्या झाडावरून तुमच्याशी अर्धा जन्म वाद घातला, ते येऊन म्हणाले, वहिनी, झाड तुमचंच. मी तर मुंबईहून दीड महिन्याची रजा काढून आलो होतो आणि दिवसभर हो वहिनी, बरं वहिनी करत होतो. तुम्ही चिडायचात. आम्हाला वाटायचं दुखण्याने चिडता.

त्या शेवटच्या सकाळी तुम्ही मला जवळ बोलावलंत. कमरेची दोरी सोडायला तुम्हाला बराच वेळ लागला. मी मदत करायला गेलो, तर हात झटकलात. मग चाकू माझ्या तळहातावर ठेवलात आणि माझी बोटं तुमच्या बोटांनी मिटलीत. मला वाटलं, खाली ठेवायचंही त्राण उरलं नाही. तुम्ही माझ्याकडे बघत म्हणालात,

"भाऊजी, तुमच्या कलमाला यंदाही मोहोर नाही. जागा चुकली."

आणि मी, वहिनी, डोळ्यांत पाणी आणून, अगदी मऊ आवाजात म्हणालो, हो वहिनी, चुकली.

तुम्ही माझ्या बोटांवरचा हात काढून घेतलात. मग भिंतीकडे तोंड फिरवलंत. असं नाही हो, एवढंच म्हणालात. मी तुमचं पांघरूण नीट केलं.

काल दादाशी बिनसल्यावर मी विहिरीवर जाऊन बसलो होतो. धर्मा बैल सोडत होता. चाकू माझ्या कमरेला बघून त्याने विचारलं, वैनीनी दिला? मी हो म्हटलं. हातानं दिला? हो, हातानंच. तो पुढे म्हणाला, "मंग भांडण झालं का न्हाय?"

तेव्हा मला कळलं. देणाऱ्याने भांडण काढलं होतं. नेहमीचाच विषय होता, शब्दही नेहमीचेच होते. सगळं घर तुमच्याशी गोड बोलून बोलून तुम्हाला जिवंतपणी पोहोचवून आलं होतं, आणि तुम्हाला एकदा, फक्त एकदा, पहिल्यासारखं भांडायचं होतं. त्यासाठी तुम्ही माझी निवड केलीत. आणि मी हो म्हणालो.

म्हणून आता ऐका. मागे बोलायचं नाही, मधे बोलायचं नाही.

वहिनी, जागा चुकलेली नाही. यंदा धुक्याने सगळ्या नागावाचा मोहोर गेला, बापूकाकांचं जुनं झाडसुद्धा रिकामं आहे, त्याला कोणत्या नारळाची सावली लागली ते सांगा. तुमच्या मागच्या फाटकापाशी समुद्राचा वारा असा येतो की तिथे कलम लावलं असतं तर पहिल्याच पावसाळ्यात ते बापूकाकांच्या अंगणात गेलं असतं आणि त्यावरून आणखी अर्धा जन्म वाद झाला असता. आणि जागा एवढी वाईट होती तर रोज दुपारी चाकूला धार लावायला तुम्ही त्याच झाडाखाली का बसत होतात? आमटीत गूळ जास्तच असायचा. छत्र्या मी विसरलो, कबूल, पण त्या आगबोटवाल्यांनी परतही दिल्या नाहीत. दुखणं अंगावर काढलंत, भाद्रपदापासून छातीत दुखत होतं ते आम्हाला माघात सांगितलंत, याला काय म्हणायचं ते तुम्हीच सांगा. आणि मला तुमची फार आठवण येते. भांडणात हे बोलायचं नसतं, पण नियम तुमचे होते, ते सांभाळायला आता तुम्ही नाही.

संपलं. घेणारा मी, तेव्हा मिटवतोही मीच. सुतकात गूळ नाही, म्हणून नुसतं खोबरं घेतो. लहान पात्यानेच कापलं आहे, काळजी करू नका. मोठा तुकडा तुमचा, ओटीच्या कडेला ठेवला आहे.

इथवर लिहून काल कागद मिटला होता. आता रेवदंड्याच्या धक्क्यावर बसून पेन्सिलीने पुढचं लिहितो आहे. आगबोट अजून दिसत नाही. दादा शेजारीच आहे.

काल मी उठून हात धुवून आलो तर ओटीवरचा तुमचा तुकडा नव्हता, आणि दादा झोपाळ्यावर बसून काहीतरी चावत होता. आज सकाळी गाडी जुंपल्यावर आम्ही अस्थी घ्यायला गेलो. अस्थींचं गाडगं घराबाहेर झाडाला टांगायचं असतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. एवढी मोठी वाडी, पण दादाने ते त्या कलमाच्याच फांदीला टांगलं होतं. दवाने सुंभाची गाठ घट्ट बसली होती. त्याने एका हाताने गाडगं तोललं आणि दुसरा हात माझ्यापुढे केला.

मी सवयीने चाकू काढून विहिरीच्या दगडावर ठेवायला वाकलो. दादाचा हात तसाच पुढे राहिला. मग मी मोठं पातं उघडलं, मूठ त्याच्याकडे केली आणि चाकू त्याच्या हातात दिला. त्याने सुंभ कापलं. मी वाट पाहिली, आणि मग आठवलं की काढायची पाळी माझी. मी म्हटलं, दादा, कलमाची जागा बरोबर आहे.

दादाने गाडगं पंच्यात गुंडाळून छातीशी धरलं. चाकू मिटला. एवढ्या वर्षांत जो माणूस आपल्या एकाही भांडणात पडला नाही, तो वर फांद्यांकडे बघून म्हणाला,

"चुकली."

चाकू त्याने गाडग्यात टाकला नाही, कनवटीला लावला. नागावपासून रेवदंड्यापर्यंत आम्ही भांडत आलो, वहिनी. नारळांची सावली कोणत्या महिन्यात कुठे पडते, ते त्याला तुमच्याइतकंच पाठ आहे. झोपाळ्यावर बसून तो इतकी वर्षं सगळं ऐकत होता आणि मनातल्या मनात तुमची बाजू घेत होता. गाडीवानाने दोनदा मागे वळून पाहिलं. मधे मी म्हटलं की समुद्रात टाकायचं काय ठरलं. दादा म्हणाला, "पुढच्या वर्षी आंबा आला तर कापायला लागेल." म्हणजे जागा बरोबर, असं मी म्हटलं. तर म्हणाला, आला तर, असं म्हणालो मी.

मघाशी पेन्सिलीचं टोक मोडलं. चाकू मागितला. दादाने तो कनवटीचा काढला, आणि माझ्या पसरलेल्या हाताकडे बघून शेजारच्या वळकटीवर खाली ठेवला. दिवसाला एक पुरे, म्हणाला.

बोटीचा धूर दिसायला लागला आहे. तुम्ही दादाच्या मांडीवर आहात आणि तुमच्या बाजूला आता एक माणूस वाढला आहे. माझी बाजू लंगडी पडते आहे, हे मलाही दिसतं. पण जागा बरोबरच आहे, वहिनी. या वेळी मी हो म्हणणार नाही.